वीस मिनिटं मागे

आमच्या विभागात एक जुनी पद्धत आहे. कुठलाही महत्त्वाचा आकडा एकट्यानं काढलेला चालत नाही. दोघांनी तो वेगवेगळा काढायचा, एकमेकांच्या स्क्रीनवर डोकवायचं नाही, आणि चारच्या चहाला आपापलं उत्तर चिठ्ठीवर लिहून, घडी घालून टेबलावर ठेवायचं. मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. जुळल्या तर काम पुढं जातं. नाही जुळल्या तर ज्याची चूक निघेल त्यानं आठवडाभर सगळ्यांचे कप धुवायचे. सोळा वर्षांत मी दोनदा कप धुतलेत. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं ऐकताना तुम्हाला माझ्या डोक्याविषयी शंका येईल, तेव्हा एवढं लक्षात असू द्या.

माझं काम वेळेचं. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका उपग्रहावर आमचं क्ष-किरण टिपणारं यंत्र आहे. एकेक किरण आदळला की त्याची वेळ नोंदली जाते, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत. त्या वेळा माझ्याकडे येतात आणि मी त्यातून ताऱ्याचे ठोके शोधते.

ज्या ताऱ्यामुळे हे सगळं घडलं तो आकारानं एका शहरात मावेल एवढा आहे, पण वजनाला सूर्यापेक्षा भारी. स्वतःभोवती सेकंदाला तीनशे नव्वद वेळा फिरतो. त्याला चिकटून दुसरा एक तारा दोन तासांत त्याच्याभोवती घिरटी घालतो, आणि हा त्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो. तो वायू याच्या पृष्ठभागावर एका ठिकाणी कोसळला की ती जागा भयंकर तापते आणि तिथून क्ष-किरण सुटतात. टेबलफॅनच्या एका पात्यावर लाल टिकली लावली तर पंखा फिरताना ती दर फेरीला एकदा समोर येईल, तसा दर फेरीला एक ठोका. पण हे रोजचं नाही. वर्षानुवर्षं वायू मध्येच साठत राहतो आणि तारा काळा असतो. मग कधीतरी साठलेलं एकदम कोसळतं, तीन आठवडे तारा पेटतो, आणि पुन्हा गप्प होतो.

माझ्यासाठी हा तारा कामापुरता होता. धाकट्याचा मात्र त्याच्यावर जीव होता.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी लहान. आम्ही एकाच संस्थेत, एकाच मजल्यावर. यंत्रातलं घड्याळ त्यानं तीन वर्षं खपून जुळवलं होतं. बसून काम करणं त्याला कधी जमलंच नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखा प्रयोगशाळेबाहेरच्या लांब बोळात येरझाऱ्या घालत विचार करायचा आणि चालता चालता गुणगुणायचा. गाणं नव्हे, एकच सूर. आम्ही एकदा गंमत म्हणून ताऱ्याच्या जुन्या नोंदी आवाजात बदलून ऐकल्या होत्या. सेकंदाला तीनशे नव्वद कंपनं म्हणजे कानाला स्वच्छ ऐकू येणारा सूर. तेव्हापासून तो सूर त्याच्या घशात जाऊन बसला. घरीही तेच. "घरात भुंगा पाळलाय," बाबा म्हणायचे. "अरे, भुणभुण बंद कर!"

एकदा मी त्याला म्हणाले, "तीनशे नव्वद कशावरून? तुला आपलं वाटतंय."

झालं. त्यानं माझ्या मोबाइलवर सूर मोजणारं ॲप टाकलं, मला बोळात खुर्ची मांडून बसवलं आणि टोकाला जाऊन गुणगुणायला लागला. स्क्रीनवर आकडा आला, तीनशे नव्वद. मग तो माझ्या दिशेनं चालत आला, तसा आकडा तीनशे एक्क्याण्णव झाला. मला ओलांडून पुढं गेला, तर तीनशे एकोणनव्वद. उभा राहिला की पुन्हा तीनशे नव्वद.

"जवळ येणाऱ्याचा आकडा चढतो, लांब जाणाऱ्याचा उतरतो," तो म्हणाला. "ताऱ्याचंही हेच गं ताई. तो दर दोन तासांनी वळतो, मी बोळ संपला की वळतो."

"आणि दोघंही बरोबर चाललो तर?"

"मग काहीच बदलत नाही. तीनशे नव्वदच."

हे मला पाठ होतं. पण त्यानं दाखवल्यावर मी हसले होते, तेवढं आठवतं.

चौदा महिन्यांपूर्वी एका बुधवारी तो नाहीसा झाला. रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी आम्ही बरोबर निघायचो. चाळीस मिनिटांची चाल. त्या दिवशी त्याचा एक बूट सापडत नव्हता. मला उशीर सहन होत नाही, मी नाकावर माशी बसू देत नाही असं धाकटाच म्हणायचा. मी दारातून ओरडले, "मी पुढं होते. तू ये मागून!" आणि निघाले. तो माझ्यानंतर वीस मिनिटांनी निघाला. ही वेळ बाबांची. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं होतं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात तो वळताना दिसतो. पुलापलीकडच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. मध्ये सरळ रस्ता आहे, एक बंद छापखाना, एक लांब भिंत आणि पूल. पुलाखाली पाणी घोट्याएवढं. पोलिसांनी सगळं पाहिलं. मी तर एकेक वीट पाहिली.

आणखी एक सांगायला हवं. त्या संध्याकाळी बाबा एकेका इस्पितळाला फोन करत होते, तेव्हा मी संस्थेत फोन करून धाकट्याचं प्रवेशाचं कार्ड रद्द करून घेतलं. नियम तसाच आहे. कार्ड कुठं आहे ते माहीत नसेल तर त्याच दिवशी रद्द करायचं. मी नियमानं वागणारी बाई आहे. हे मी बाबांना कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर सकाळी मी त्याच रस्त्यानं चालत जायची, डोळ्यांत तेल घालून. संध्याकाळी मात्र मागच्या गेटनं, संस्थेच्या बसनं घरी. न सापडलेल्या माणसाच्या रस्त्यानं दुसऱ्यांदा चालायचा धीर नव्हता. घरी पोचले की बाबा विचारायचे, "दिसला का?" मी "नाही" म्हणायची. बाबांनी चौदा महिने दाराला कडी लावली नव्हती. नुसतं लोटून ठेवायचे.

आणि मग तो तारा पेटला.

"तो पेटला की मला हाक मार," धाकटा म्हणायचा. "असेन तिथून येईन." नऊ वर्षं काळा असलेला तारा, एका सोमवारी सकाळी अचानक आकड्यांनी ओसंडून वाहायला लागला. सगळा मजला नाचत होता. मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, तोंड धुतलं आणि कामाला बसले.

माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो तो शंकासुर. हे नाव त्याला मीच दिलंय. दोन अधिक दोन चार सांगितले तरी "कशावरून?" विचारतो. त्यामुळेच चिठ्ठीसाठी त्याच्यासारखा जोडीदार नाही. आमच्या वाट्याला सकाळी आठ ते दुपारी चार एवढा वेळ यंत्र होतं, उरलेला वेळ इतरांचा. आदल्या दिवशीच्या नोंदी आम्ही दुसऱ्या दिवशी तपासायचो.

चौथ्या दिवशी मला ठोक्यांच्या खाली दुसरे ठोके दिसले. अगदी क्षीण, हजार किरणांत चार. तोच तारा, तोच तीनशे नव्वदचा वेग, पण वेळा चुकलेल्या.

वेळा का चुकतात ते सांगते. किरण कुठं उभं राहून पकडला, यावर तो केव्हा येणार हे ठरतं. ताऱ्याच्या दिशेनं तीनशे मीटर पुढं उभे राहिलात तर ठोका तुम्हाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागानं आधी मिळेल. म्हणून प्रत्येक किरणामागे उपग्रहाची त्या क्षणाची जागा घालावी लागते. जागा बरोबर असेल तर सगळे ठोके एका ओळीत उभे राहतात. हे चार उभे राहत नव्हते.

"तू उपग्रहाऐवजी जमिनीवरच्या अँटेनाची जागा घातलीस," शंकासुर म्हणाला. "कपांना साबण लावून ठेव."

उपग्रहाच्या नोंदी जमिनीवर त्या अँटेनात उतरतात, म्हणून ही चूक आमच्याकडे प्रत्येक जण एकदा करतोच. मी चार वेळा तपासलं. चूक नव्हती. आणि असती तर हजारच्या हजार किरण चुकले असते, चार नाही.

"मग या चारांसाठी कुठली जागा घातली तर ओळ लागते?" त्यानं विचारलं.

"काढूया. चिठ्ठीवर."

दुसऱ्या दिवशी चारच्या चहाला चिठ्ठ्या उघडल्या. दोन्हींवर एकच जागा होती. अवकाशातली नव्हे, पृथ्वीवरची. अँटेना आमच्यापासून सहाशे किलोमीटर लांब आहे. ही जागा आमच्याच शहरातली होती. नकाशावर टिंब काढलं तर ते आमच्या संस्थेच्या पुढच्या गेटवर पडत होतं.

शंकासुरानं चहा टेबलावर ठेवला. "क्ष-किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत," तो म्हणाला. "हवा वरच गिळते."

"मला माहितीये."

"नाही, मी मलाच सांगतोय."

पुढच्या आठवड्यात तारा आणखी तेजाळला. किरण वाढले, तशी जागा अधिक बारकाईनं काढता येऊ लागली, आता मिनिटामिनिटाची. तेव्हा कळलं की टिंब गेटवर दिवसभर असलं तरी दिवसाच्या सुरुवातीला तिथं नसतं. साडेआठपर्यंत ते कुठंच नसे. साडेआठला दोन किलोमीटर दूर, एका गल्लीत उगवायचं. मग रस्त्यानं सरकत नऊ वाजून दहा मिनिटांनी गेटवर यायचं आणि आमची वेळ संपेपर्यंत तिथंच राहायचं.

"वेग माणसाच्या चालीचा आहे," शंकासुर म्हणाला. मग त्यानं गल्लीवर बोट ठेवलं. तो आमच्या घरी जेवायला आलेला आहे. ती गल्ली त्याला ठाऊक होती.

"तुझ्यापेक्षा वीस मिनिटं मागे," तो शेवटी म्हणाला.

"योगायोग असेल," मी म्हणाले. एरवी हे वाक्य मी बोलले असते तर त्यानं मला सोडलं नसतं. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. शंकासुराला शंका आली नाही, तेव्हा मी नकाशा उलटा करून ठेवला.

मंगळवारच्या नोंदीत टिंब वाट सोडून गेलं होतं. मोठ्या चौकातून उजवीकडे वळलं होतं, एका इमारतीपाशी पाऊण तास थांबलं होतं, मग परत फिरून गेटवर आलं होतं.

"इथं काय आहे?" शंकासुरानं विचारलं.

"दातांचा दवाखाना," मी म्हणाले. नकाशाकडे न बघताच. सोमवारी रात्रभर दाढ ठणकत होती आणि मंगळवारी सकाळी कामावर येताना मी तिथं गेले होते. कुणाला सांगितलं नव्हतं. आत पाऊण तास लागला. टिंबही पाऊण तास थांबलं होतं, पण इमारतीच्या आत नाही, समोरच्या फुटपाथवर.

मी ठरवलं, परीक्षा घ्यायची. गुरुवारी सकाळी निघाले आणि पुलावर कठड्याला टेकून चांगला अर्धा तास उभी राहिले. कुणी ओळखीचं दिसलं नाही. एक बाई कुत्रा घेऊन गेली, दोन सायकली गेल्या. शेवटी शेवटी कठड्याचा लोखंडी पाइप बारीक घुमत होता. तारांमधून वीज जात असेल असं मला वाटलं.

शुक्रवारी नोंद पाहिली. मी साडेआठ ते नऊ पुलावर होते. टिंब आठ पन्नासला पुलावर आलं होतं आणि नऊ वीसपर्यंत तिथंच होतं.

म्हणजे दहा मिनिटं आम्ही दोघं एकाच जागी उभे होतो.

मला भीती वाटली. भावाची भीती वाटते म्हणून लाज वाटली, आणि लाज वाटूनही भीती गेली नाही. त्या संध्याकाळी बाबांनी "दिसला का?" विचारलं तेव्हा माझ्या तोंडून "नाही" लगेच बाहेर पडलं नाही.  बाबा उठून दार नीट लोटलेलं आहे ना, ते पाहून आले.

एका प्रश्नानं माझं डोकं पोखरलं होतं. तो माझ्यामागून येतो, हे मान्य केलं. मीच तसं सांगितलं होतं त्याला. मग गेटवर का थांबतो? रोज नऊ दहाला येतो, चारपर्यंत बाहेर ताटकळतो. आत का येत नाही?

सोमवारी सकाळी मी पुढच्या गेटवर थांबले. गेटवरचे काका तिथं वीस वर्षं आहेत, आम्हा दोघांना ओळखतात.

"काका, नऊ दहाला इथं काही होतं का? रोज?"

काका दचकले नाहीत. उलट वैतागले. "तुमच्यापर्यंत आली का तक्रार? बरं झालं. अहो मॅडम, हे कार्डाचं मशीन बिघडलंय. रोज सकाळी नऊ-सव्वानऊला आपोआप वाजतं. समोर चिटपाखरू नसतं. एकदा 'पीक्' असं वाजतं, लाल दिवा लागतो, संपलं. दोनदा मशीन बदललं, तरी तेच."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. जास्तच."

"लाल दिवा म्हणजे?"

"म्हणजे कार्ड रद्द आहे," काका म्हणाले. "पण कार्ड आहे कुठं?"

मी काकांच्या खोलीतल्या स्टुलावर बसले. त्यांनी पाणी दिलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी मशीन वाजलं. लाल दिवा लागला आणि विझला. फाटकासमोरचा रस्ता उन्हात रिकामा होता.

"बघा," काका म्हणाले. "झालं की नाही?"

चौदा महिने तो रोज दारापर्यंत येत होता आणि दार त्याला नाही म्हणत होतं. ते दार मी बंद केलं होतं, एका फोननं, नियमानं. आणि संध्याकाळी मी मागच्या गेटनं निघून जात होते.

तारा आता उतरणीला लागला होता. बुधवारी किरण निम्म्यावर आले. गुरुवारी टिंबाची जागा अर्ध्या शहराएवढी पसरट झाली. शुक्रवारी तारा विझला. दुसरे ठोके तर कधीच बुडाले होते. पुन्हा केव्हा पेटेल ते कुणी सांगू शकत नाही. शंकासुरानं आमच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून एका पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं.

"हे प्रसिद्ध करायचं?" त्यानं विचारलं.

"तू करशील?"

"मी कप धुवीन," तो म्हणाला. "जन्मभर धुवीन. पण हे नाही."

शुक्रवारी दुपारी मी प्रशासनात गेले. तिथल्या बाईंकडून अर्ज मागितला. धाकट्याचं नाव लिहिलं, कार्डाचा क्रमांक लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कार्ड सापडलं'. सोळा वर्षांत कुठल्याही कागदावर मी लिहिलेलं हे पहिलं खोटं.

बाई वाचून उठून उभ्याच राहिल्या. "भाऊ सापडला तुमचा?"

"कार्ड सापडलंय," मी म्हणाले. "चालू करून द्या."

शनिवारी संस्थेला सुट्टी असते. तरी मी आठ वाजून दहा मिनिटांनी निघाले. बाबा दारात आले.

"आज कशाला?"

"थोडं काम राहिलंय, बाबा."

मी पायरी उतरले, वळले आणि घराकडे बघून जरा मोठ्यानं म्हणाले, "मी पुढं होते. तू ये मागून."

 बाबांनी मान वळवून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

प्रयोगशाळेच्या मजल्यावर कुणी नव्हतं. बोळातले दिवे बंद होते, पण टोकाच्या खिडकीतून सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं. मी खुर्ची आणून तिथंच मांडली जिथं त्यानं मला बसवलं होतं. मोबाइलवर ते ॲप उघडलं. आकडा शून्य होता.

नऊ अकराला काकांचा फोन आला.

"मॅडम, आज हिरवा लागला. फाटक उघडलं आणि मिटलं. समोर कोणी नाही. दुरुस्तीवाल्याला बोलवू का?"

"नको," मी म्हणाले. "आता वाजणार नाही."

फोन ठेवला. ॲप पुन्हा समोर आलं. शून्य.

मी गुडघ्यांवर हात घट्ट धरून बसले. जिन्यावर पावलं ऐकू येतील असं वाटत होतं. आली नाहीत.

सूर आधी कानाला ऐकू आला नाही. आधी आकडा आला.

तीनशे एक्क्याण्णव.

मला ओरडावंसं वाटलं. पळावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. बोळाच्या टोकापासून खुर्चीपर्यंत पन्नास मीटर आहेत. माणसाला पन्नास सेकंद लागतात. मी मोजत होते. आकडा हलत नव्हता. तिसाव्या सेकंदाला सूर कानाला लागला, जुना, ओळखीचा, जराही न थरथरणारा.

पन्नास.

तीनशे नव्वद.

मी मान वर केली नाही. स्क्रीनकडेच बघत राहिले. माझ्या पायांपुढच्या फरशीवर ऊन जसंच्या तसं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "थांबायला हवं होतं मी."

आकडा तसाच राहिला.

"चल. घरी जाऊ."

मी उठले आणि चालू लागले. तो उभाच राहिला असता तर आकडा उतरायला हवा होता. उतरला नाही. जिन्यावर तीनशे नव्वद. संस्थेच्या आवारात तीनशे नव्वद. मी पुढच्या गेटनं बाहेर पडले. काकांनी हात वर केला, माझ्याकडे बघून. फक्त माझ्याकडे.

रस्त्यावर गाड्या होत्या, भोंगे होते. एवढ्या गोंगाटात तो आकडा दिसायला नको होता. दिसत होता. पुलावर मी पावलं उचलून भराभर चालले. मग मुद्दाम सावकाश. तीनशे नव्वद. मी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. बाजूलाही पाहिलं नाही.

छापखाना गेला. औषधाचं दुकान गेलं. गल्ली आली.

मी दार ढकलण्याआधीच बाबांनी ते आतून उघडलं. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं, ना त्या टिंबाचं, ना कार्डाचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "आलीस?" म्हणाले आणि मला आत येऊ दिलं.

मी आत येऊन चपला काढल्या. बाबा अजून दार उघडं धरून उभे होते. आणखी एक माणूस आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ.

मग त्यांनी दार लावलं आणि कडी घातली.

"त्याला सांग," बाबा खुर्चीत बसत म्हणाले, "भुणभुण बंद कर."